दाताचा विमा : वहिनी आणि विमावाले भाऊजी

आमच्या घरात सध्या दातांवरून दोन पक्ष पडले आहेत. एका पक्षात माझी मोठी जाऊ. सांगलीच्या शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या. दुसऱ्या पक्षात माझा नवरा. सरकारी विमा कंपनीत कारकून म्हणून लागला, इन्शुरन्स इन्स्टिट्यूटच्या परीक्षा देत देत फेलो झाला आणि मेडिक्लेमचे दावे तपासायच्या खुर्चीवरून निवृत्त झाला. कुणालाही वाटेल, विमा घ्या म्हणणारा हा असणार. आमच्याकडे उलटं आहे. दातांसाठी विमा हवाय वहिनींना, आणि जन्मभर विम्याचं मीठ खाल्लेला माणूस म्हणतोय, घेऊ नका.

निमित्त एका अंदाजपत्रकाचं. दंतवैद्याच्या लेटरहेडवर ओळीनं आकडे होते. ३६ : इम्प्लांट आणि वर झिरकोनियाची कॅप, ४०,००० रुपये. ४६ : जुनं रूट कॅनॉल उघडून पुन्हा, ६,५००, त्यावर कॅप, ११,०००. १६ आणि १७ : फिलिंग, प्रत्येकी १,५००. दात साफ करणं, १,५००. जबड्याचा थ्रीडी स्कॅन, २,५००. खाली दुहेरी रेघ आणि बेरीज, ६४,५००.

बत्तीस दातांच्या माणसाला सेहेचाळीस नंबरचा दात कुठून आला, हे कोडं वहिनींनी दवाखान्याच्या बाकावरच सोडवलं होतं. तोंडाचे चार भाग. पहिला आकडा भागाचा. दुसरा, मधल्या रेषेपासून मोजत गेलं की कितवा दात, त्याचा. म्हणजे ३६ ही खालची, डावीकडची सहावी, पहिली मोठी दाढ. ही दाढ मुलाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. आईबापांना ती दुधाची वाटते, आणि पडायचीच आहे म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. सगळ्यात जास्त राबणारी दाढ सगळ्यात आधी किडते ती अशी. वहिनींची गेल्या दिवाळीनंतर काढावी लागली.

दुसरा कागद विमा कंपनीचा, गुळगुळीत. वहिनींच्या पाच लाखांच्या चालू पॉलिसीला जोडून घ्यायचा ओपीडी रायडर. वर्षाला ६,००० रुपये जादा. त्यात डॉक्टरची फी, औषधं, तपासण्या आणि दंतोपचार, सगळं मिळून वर्षाला १०,००० पर्यंत. दातांसाठी दोन वर्षं थांबायचं. इम्प्लांट नाही.

वहिनी : भाऊजी, तुमचा मेडिक्लेम दात म्हटलं की तोंड फिरवतो. मग हा जोड घेऊ या की. पूर्वी वर अठरा टक्के जीएसटी पडायचा, तोही आता नाही म्हणे.

भाऊजी : नाही, खरं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला. पण वहिनी, सहा हजार देऊन तुम्ही नेमकं काय घेताय?

वहिनी : संरक्षण.

भाऊजी : कशापासून? छत्तीस तर गेली. सेहेचाळीसचा निकाल एक्स-रेत लागलाय. २००५ च्या पुरात मी सांगलीच्या ऑफिसात होतो. आयर्विन पुलाखालचं पाणी चाळीस फुटांवर गेलं की फोन सुरू व्हायचे. साहेब, दुकानाचा विमा काढायचाय, माणूस पाठवा. तुमचं हे त्यातलंच.

वहिनी : तोंडात आणखी सव्वीस दात आहेत. त्यांचं काय होणार, हे तुमच्या एक्स-रेला माहीत आहे?

भाऊजी : कुठला कधी दुखेल ते माहीत नाही. पण कुठला तरी दुखेल हे नक्की, आणि दुखला तर किती लागतील तेही ठाऊक आहे. फिलिंगला हजार-दोन हजार. रूट कॅनॉल आणि कॅपला पंधरा-वीस. इम्प्लांटला पस्तीस ते पन्नास. तुम्ही पेन्शनीतून भागवाल. कुरकुर कराल, पण भागवाल. आयसीयूत पंधरा दिवस काढायची वेळ आली तर भागेल का? विमा त्या पंधरा दिवसांसाठी असतो.

वहिनी : आणि सगळेच दात गेले तर? आमच्या हेडसरांनी वरखाली सगळे फिक्स बसवून घेतले. साडेचार लाख.

भाऊजी : एका रात्रीत गेले?

वहिनी : नाही. वीस वर्षं एकेक करून जात होते.

भाऊजी : आणि या रायडरनं त्यातले किती दिले असते? वर्षाला दहा हजार, तेही इम्प्लांट सोडून. माझं भांडण इथेच आहे. विमा चांगला कुठला? लहान खर्च तुम्ही सोसायचा, मोठा कंपनीनं उचलायचा. दातांचा विमा बरोबर उलटा शिवलाय. फिलिंगचे पैसे कंपनी देते, आणि जिथं माणूस खरोखर अडकतो तिथं हात वर करते.

हे मला पटलं. वहिनींना पटलं की नाही ते कळलं नाही, कारण त्यांनी अंदाजपत्रक उलटं करून त्याच्या पाठीवर आकडेमोड सुरू केली. गणिताच्या बाई. हरायची पाळी आली तरी उत्तर चुकता कामा नये.

वहिनी : पहिली दोन वर्षं बारा हजार जाणार, दातांसाठी काही येणार नाही. तिसऱ्या वर्षापासून सहा देऊन दहा मिळाले, तर वर्षाला चार हजार सुटतात. म्हणजे पाचव्या वर्षाअखेर तीस हजार दिले, तीस हजार आले. तेही तिन्ही वर्षं दात बरोबर दहा-दहा हजारांचे बिघडले तर.

भाऊजी : बघा! तुम्हीच काढलंत.

वहिनी : थांबा, उदाहरण संपलं नाही. माझी थायरॉइडची गोळी, रक्ततपासणी, डोळ्यांच्या डॉक्टरची फी, हे धरलं तर वर्षाला सात-आठ हजार सहज होतात. तेही या दहातच बसतं. मग रायडर पहिल्या वर्षीच वसूल.

भाऊजी : थायरॉइड तुम्हाला आधीपासून आहे, तेव्हा पहिल्या वर्षी ते मिळतं का, हे कंपनीकडून लेखी घ्या. आणि मिळालं समजा. मग तो दातांचा विमा राहिला कुठं? औषधांच्या बिलाची सोय झाली. तेवढ्यासाठी घ्यायचा तर खुशाल घ्या, पण दातांचं नाव सांगून घेऊ नका.

वहिनी : बरं, इम्प्लांट नाही तर नाही. सेहेचाळीसची कॅप दोन वर्षांनी करू, तिचे तरी मिळतील. दवाखान्यातली मुलगी म्हणाली, तेव्हा अंदाजपत्रक नव्या तारखेचं करून देऊ.

यावर आमच्या ह्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा टेबलावर आला की घरात सगळे सावध होतात.

भाऊजी : हे मात्र करू नका. प्रस्ताव अर्जात विचारलेलं असतं, सध्या चालू असलेले किंवा डॉक्टरांनी सुचवलेले उपचार कोणते. तिथं ‘नाही’ लिहून खाली सही करायची, आणि हे अंदाजपत्रक कपाटात? दाव्याबरोबर कंपनी उपचाराआधीचा आणि नंतरचा एक्स-रे मागते. जुनं काम नवं म्हणून दाखवलं तर दंतवैद्याला पाच मिनिटांत कळतं. मी असे कितीतरी एक्स-रे मतासाठी पाठवलेत.

वहिनी : पण नियम आता सैल झालेत असं पेपरात होतं.

भाऊजी : झालेत. २०२४ पासून आधीच्या आजारासाठी थांबायची मुदत जास्तीत जास्त छत्तीस महिने. पूर्वी अठ्ठेचाळीस होती. सलग साठ महिने पॉलिसी चालू असली, तर आधी अमुक सांगितलं नव्हतं म्हणून दावा नाकारता येत नाही. पण तिथं एक शब्द सोडलेला नाही. फसवणूक. नव्या तारखेचं अंदाजपत्रक कशात बसतं ते तुम्हीच सांगा.

वहिनी : मी काय चोर आहे? तिनं सुचवलं, मी तुम्हाला सांगितलं.

भाऊजी : माहीत आहे. पण दोन वर्षं थांबायला दातही तयार नाहीत ना. छत्तीसची जागा रिकामी ठेवा. मागची सदतीस पुढं कलते, वरची सव्वीस खाली उतरते, मधलं हाड झिजतं. मग स्क्रू बसवायच्या आधी हाड भरायचं, त्याचे पैसे निराळे. आणि सेहेचाळीस कॅपशिवाय ठेवलीत तर एक दिवस चकली खाताना उभी चिरेल. चिरली की ती वाचत नाही, तिथंही इम्प्लांटच. दहा हजार मिळवायला चाळीस हजारांचं काम ओढवून घ्यायचं.

भाऊजींच्या सगळ्या बोलण्यात मला हेच सर्वांत वजनदार वाटलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन सहा महिने पुढं ढकललं तर बहुधा तेच ऑपरेशन त्याच पैशात होतं. दाताचं तसं नाही. आज दीड हजाराचं फिलिंग, उद्या कीड नसेपर्यंत गेली की रूट कॅनॉल, परवा इम्प्लांट. विम्याची मुदत आणि किडीची मुदत या दोन घड्याळांत कीड कायम पुढं असते. म्हणून ‘पॉलिसी पिकेपर्यंत थांबू’ हा विचार दातांच्या बाबतीत सर्वांत महाग पडतो, आणि नेमका तोच सर्वांना सुचतो.

पण वहिनींनी मग जो प्रश्न विचारला, त्यानं पारडं फिरलं.

वहिनी : मला एक सांगा. गुडघा शरीरात, डोळा शरीरात, पित्ताशय शरीरात. दात काय शरीराबाहेर असतात? मेडिक्लेममध्ये का नाहीत?

भाऊजी : सरकारी कंपन्यांनी १९८६ साली मेडिक्लेम आणला, तो रुग्णालयात भरती होणाऱ्यांसाठी. किमान चोवीस तास. दंतवैद्याच्या खुर्चीत माणूस तासभर बसतो आणि घरी जातो. अपघातात जबडा मोडला, भरती व्हावं लागलं, तर मिळतं. २०२० पासून आरोग्य संजीवनी नावाची एकसारखी पॉलिसी आहे, तिच्यात आजारामुळे किंवा इजेमुळे करावे लागलेले दंतोपचारही धरलेत. पण तेही भरती झालात तर, आणि दाव्यातले पाच टक्के तुमचे.

वहिनी : म्हणजे दात दुखून उपयोग नाही. दात घेऊन झोपावं लागतं.

भाऊजी : दाव्याच्या टेबलावर मलाही ते टोचायचं. कॉलेजचा एक मुलगा मोटारसायकलवरून पडला. जबड्याला प्लेटा बसवल्या, भरती होता, मी दावा मंजूर केला. समोरचे दोन दात तुटले होते. सूज उतरल्यावर काही महिन्यांनी ते खुर्चीत बसून लावले. त्याचं बिल आलं. भरती नाही, मुदत उलटलेली. मी नामंजूर केलं. नियमानं बरोबर होतं.

वहिनी : एकाच पडण्यात मोडलेला जबडा चालतो आणि दात चालत नाहीत.

भाऊजी : नियमानं बरोबर होतं.

दोनदा म्हणाले. वहिनींनी पुढं टोचलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

अमेरिकेत दातांचा विमा घरोघरी आहे, असं आपल्याला वाटतं. वहिनींची मुलगी न्यू जर्सीत असते, त्यामुळे हा विषय निघणारच होता. तिच्या नवऱ्याच्या कंपनीची दातांची योजना आहे. तपासणी आणि सफाई पूर्ण, फिलिंगला ऐंशी टक्के, कॅपला पन्नास टक्के, आणि वर्षाची कमाल दीड हजार डॉलर. ही शंभर-ऐंशी-पन्नासची उतरंड तिथं सर्रास आढळते, आणि वर्षाची मर्यादा हजार ते दोन हजार डॉलरच्या आसपास, हेही. तिथल्या एका इम्प्लांटला यापेक्षा जास्त पडतात. म्हणून ती डिसेंबरात माहेरी येते तेव्हा हुरडा, साड्या आणि दात ही तीन कामं ठरलेली असतात. १९६५ साली म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आलं, त्यातही नेहमीच्या दंतोपचारांना जागा मिळाली नाही.

भाऊजी : आणि सुरुवात कुठून झाली ठाऊक आहे? १९५४. पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांची युनियन. कामगारांच्या मुलांचे दात किडलेले, म्हणून मालकांनी भरलेल्या निधीतून मुलांच्या दातांची सोय केली. त्यातून पुढं तिथल्या मोठमोठ्या योजना उभ्या राहिल्या. म्हणजे जन्मापासून ती सोय आहे, विमा नाही. आधी पैसे भरा आणि नंतर दवाखान्यात जा, एवढंच.

वहिनी : मुलं दवाखान्यात गेली ना?

भाऊजी : गेली.

वहिनी : मग मला तेच हवंय. तुम्ही जोखमीचं बोलताय, मी जाण्याचं बोलतेय. दंतवैद्याकडे आपण कधी जातो? रात्री झोप उडाली की. लवंग झाली, लवंगेचं तेल झालं, मेडिकलवाल्याची गोळी झाली, मग जातो. पैसे आधीच भरलेले असते तर मी दर सहा महिन्यांनी गेले असते. फुकट कशाला घालवू म्हणून तरी गेले असते. छत्तीसचं दीड हजारात भागलं असतं.

भाऊजी : तेवढ्यासाठी कंपनी कशाला मध्ये? पोस्टात आरडी उघडा. महिना हजार. सध्या ६.७ टक्के व्याज आहे. पाच वर्षांत साठ हजार भराल, एकाहत्तर हजारांच्या वर हातात येतील. दात चांगले राहिले तर सगळे तुमचे. रायडरचे सहा हजार वर्ष संपलं की गेले.

वहिनी : आरडीवर कर्ज काढता येतं?

भाऊजी : येतं. बारा हप्ते झाले की निम्म्यापर्यंत.

वहिनी : मोडता येते?

भाऊजी : तीन वर्षांनी.

वहिनी : मग मोडणार. गणपतीत मोडेल, नातवाच्या फीला मोडेल, तुमच्या दादांच्या पाठदुखीला मोडेल. भाऊजी, तुम्ही फेलो आहात, पण बाईच्या नावावरचे पैसे घरात किती दिवस राहतात याची परीक्षा तुमच्या इन्स्टिट्यूटनं घेतली नाही. विम्याचा हप्ता एकदा गेला की गेला. तो कुणाला मागता येत नाही. तुम्हाला तो तोटा वाटतो. मला तीच त्यातली चांगली गोष्ट वाटते.

यावर भाऊजींकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते नाहीच. आमच्या घरात चष्म्याची काच तडकली तर त्याच आठवड्यात बदलते, बुलेटची सर्व्हिसिंग तारखेला होते, आणि बायकांची दाढ ‘बघू दिवाळीनंतर’मध्ये असते. तुमच्याकडेही याहून फार वेगळं नसेल. पैसे बाजूला ठेवा हा सल्ला देताना, बाजू कुणाची आणि ठेवलेले उचलणार कोण, हे सल्ला देणारा विचारत नाही. वहिनींनी विचारलं.

तरी रायडर घ्यावा असं मला वाटलं नाही. पैशाला कुलूप लावायचं म्हणून इम्प्लांट वगळलेली, दोन वर्षं बंद असलेली तिजोरी भाड्यानं घेण्यात अर्थ नाही. दंतवैद्यालाच वर्षाच्या सुरुवातीला दोन तपासण्या आणि एक सफाई यांचे पैसे भरून ठेवता येतात. अनेक दवाखाने तशी पावती देतात, काही तर घरातल्या चौघांची मिळून सवलतीत देतात. मी हे मध्ये बोलले. दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, की ही अजून इथंच आहे.

भाऊजी : आणि स्वस्तात हवं तर भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आहे की इथं सांगलीत. मुंबईत नायर आहे, सरकारी आहे. नागपुरात, छत्रपती संभाजीनगरात सरकारी कॉलेजं आहेत. गोव्यात बांबोळीला आहे. शिकणारी मुलं काम करतात, पण डोक्यावर प्राध्यापक उभे असतात. बाहेरच्या तुलनेत पैसे फारच कमी.

वहिनी : आणि खेपा? सकाळी केसपेपर, मग एक्स-रे, मग सर येईपर्यंत तोंड उघडं. सफाईला जाईन. इम्प्लांटला नाही जाणार. मला निवृत्तीत वेळ आहे, गुडघे नाहीत.

एवढं झाल्यावर भाऊजींनी आपला खरा मुद्दा काढला. माझ्या मते तो आधीच काढायला हवा होता, पण दाव्याच्या टेबलावरची माणसं कागद खालून वर वाचतात.

भाऊजी : विम्यावर सहा हजार जादा घालायचेच असतील, तर तोंडाच्या विम्यावर घाला, दातांच्या नको. आईंच्या कंबरेला मिश्रीची डबी असायची, आठवतं? आपल्या भागात निम्म्या बायकांचे दात त्या मिश्रीनं काळे झाले. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, टपरीवर जाऊन बघा किती आहे ते. तोंडाचा कॅन्सर निघाला तर जबड्याचा तुकडा काढतात, मांडीचं मांस लावतात, किरणं देतात. ते सगळं भरती होऊन, म्हणजे मूळ पॉलिसीत बसतं. तिथं पाच लाख पुरत नाहीत. पाचाचे दहा करा.

वहिनी : रेशनकार्डावरची फुले योजना आहे ना? तीही पाच लाखांची झाली.

भाऊजी : आहे, आणि तिच्यात कॅन्सरचे उपचार आहेत. पण योजनेतल्या रुग्णालयातच, ठरलेल्या उपचारांपुरतं. ती असू द्या, वरून ही ठेवा. आणि दात घासताना आरशात गाल आतून बघत जा. पांढरा चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काही पंधरा दिवसांवर राहिलं तर दाखवायला जा. त्याला रायडर लागत नाही.

या बाबतीत वाद झाला नाही. पुण्याच्या पुतण्याच्या आयटी कंपनीबद्दलही झाला नाही. तिथं कंपनी हप्ता भरते, दातांचा पर्याय फुकट किंवा नाममात्र मिळतो, आईवडिलांनाही घालता येतं. फुकट असेल तर घ्यावं, पण त्यातही इम्प्लांट आणि मुलांच्या दातांच्या तारा वगळल्यात का ते बघावं. दोघांचं एकमत.

शेवटी झालं असं. वहिनींनी रायडर घेतला नाही. नूतनीकरणाला पॉलिसी दहा लाखांची केली; वाढीव पाच लाखांना थांबायच्या मुदती नव्यानं लागू होतात, हे भाऊजींनी आधीच सांगून ठेवलं होतं. दाढांचं काम लगेच सुरू केलं. दवाखान्यात बिनव्याजी हप्त्यांची सोय होती. वहिनींनी विचारलं, रोखीनं दिले तर किती. ६४,५०० चे ६१,००० झाले. म्हणजे बिनव्याजी हप्त्यातलं व्याज साडेतीन हजार होतं, हे त्यांनी तिथल्या मुलीला फळ्यावर लिहावं तसं समजावून सांगितलं. पैसे दोन टप्प्यांत द्यायचे ठरले. टायटॅनियमचा स्क्रू आधी, कॅप तीन-चार महिन्यांनी, हाड स्क्रूला धरलं की. टायटॅनियम हाडात असं रुजतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना प्रयोगात दिसलं आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाला असे दात बसवले, तेव्हापासून ही वाट पाहायची पद्धत आहे. झिरकोनियाच्या कॅपबरोबर लॅबचं वॉरंटी कार्ड येतं. ते मागून घ्यावं लागतं; वहिनींनी दोन्हींचं मागून घेतलं आणि पॉलिसीच्या फाइलला लावलं. आरडीही उघडली, पण नाव एकटीचं, आणि पासबुक माझ्या कपाटात. भाऊजींना वाटतं त्यांचं ऐकलं. वहिनींना वाटतं त्यांचं झालं.

तुम्ही दातांसाठी विमा घ्यायच्या विचारात असाल, तर एजंटाला तीनच गोष्टी लेखी विचारा : किती महिने थांबायचं, वर्षाला कमाल किती, आणि इम्प्लांट, कॅप, तारा यांतलं काय वगळलंय. दंतवैद्यानं काम आधीच सांगितलं असेल तर अर्जात तसं लिहा. आणि नवी पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. त्या तीस दिवसांत ‘काय मिळणार नाही’ हे पान आधी उघडा. दातांचा उल्लेख बहुतेक त्याच पानावर सापडतो.